वाचकांचे प्रश्न : टारझनची जेन

प्रश्न : जेन मूळची अमेरिकन की इंग्रज? कुठे तिचे आडनाव पोर्टर आहे, कुठे पार्कर. खरे कोणते?

पोर्टर, आणि अमेरिकन. एडगर राइस बरोजची पहिली टारझन कादंबरी ऑक्टोबर १९१२ च्या 'ऑल-स्टोरी' या पल्प (स्वस्त कागदावरच्या करमणुकीच्या) मासिकात एकाच अंकात छापली गेली. पुस्तक १९१४ मध्ये आले. त्यातली जेन बाल्टिमोरची, एकोणीस वर्षांची, विसरभोळ्या प्रोफेसरची मुलगी. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीच्या १९३२ च्या चित्रपटाने कादंबरीची गोष्ट बाजूला ठेवून नवी रचली. तिथे मॉरीन ओ'सलिव्हनची जेन पार्कर इंग्लंडहून आफ्रिकेत येते आणि तिचे वडील हस्तिदंताचे व्यापारी असतात. पुढे १९९९ च्या डिस्नेच्या कार्टूनपटात आडनाव पोर्टर झाले, पण मुलगी इंग्रजच राहिली. १९८४ आणि २०१६ च्या चित्रपटांत ती पुन्हा अमेरिकन आहे.

प्रश्न : जुनी जेन रडूबाई आणि नवी धीट, असे सरळ म्हणता येईल का?

नाही. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या कादंबरीत सिंहीण खिडकीतून झोपडीत घुसू पाहते तेव्हा जेन समोरून पिस्तुलाची गोळी झाडते आणि लगेच बेशुद्ध पडते. दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आहेत. निबंध लिहिणारे आपल्या सोयीने त्यातली एकच उचलतात. तिची खरी अडचण जंगलात नसून कर्जात आहे. खजिन्याच्या शोधासाठी वडिलांनी कॅन्लर नावाच्या माणसाकडून पैसे घेतलेले असतात आणि त्याचा डोळा जेनवर असतो. शेवटी त्याच्यापासून तिची सुटका होते, पण तोवर ती टारझनचा चुलतभाऊ क्लेटन याला लग्नाचा शब्द देऊन बसते आणि टारझन मागे सरतो. दोघांचे लग्न व्हायला दुसरी कादंबरी लागते.

१९३२ च्या चित्रपटाने हे कर्ज उडवले. तिथली जेन वडिलांच्या मृत्यूनंतर परत जायची वाट मोकळी असताना आपल्या मर्जीने जंगलात राहते. कादंबरीतल्या जेनला एवढी मोकळीक नव्हती.

१९३४ च्या दुसऱ्या चित्रपटात ती टारझनच्या बरोबरीने वावरते, अंगावर जेमतेम दोन तुकडे. पाण्याखालचे विवस्त्र पोहणे ऑलिंपिक जलतरणपटू जोसेफिन मॅकिमने ओ'सलिव्हनच्या जागी केले होते. ते दृश्य सेन्सॉरने कापायला लावले. त्याच वर्षी जुलैपासून पडद्यावर काय दाखवायचे याची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि १९३६ च्या चित्रपटात जेन अंगभर झग्यात आली. फरक नुसत्या कपड्यांचा नव्हता. आता झाडावर घर, हत्तीने ओढायची लिफ्ट, चीता नावाच्या चिंपांझीने फिरवायचा पंखा असा संसार थाटला आणि जेन त्या घराची गृहिणी झाली. १९३९ मध्ये मूल आले, तेही विमान अपघातातून वाचलेले, सांभाळायला घेतलेले. कादंबऱ्यांत मात्र जॅक हा तिच्या पोटचा मुलगा आहे.

दरम्यान पुस्तकांतली जेन उलट्या दिशेने निघाली होती. १९२१ च्या 'टारझन द टेरिबल'मध्ये ती एकटी रानात राहते, हत्यारे स्वतः बनवते, शिकार करते. १९३६ च्या 'टारझन्स क्वेस्ट'मध्ये विमान कोसळल्यावर वाचलेल्यांना तीच सांभाळते. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावरची जेन लिफ्टमधून घरी जात होती, त्याच वर्षी कागदावरची जेन रानात इतरांना जगवत होती. पुढे १९८४ आणि १९९९ च्या चित्रपटांनी हाताशी धरली ती पहिली कादंबरी. तिथून वाढलेली जेन तशीच पडून राहिली.

प्रश्न : जेन मरते, असे ऐकले. कोणत्या भागात?

दोनदा मरता मरता वाचली. १९१९ पासून मासिकात आलेल्या 'टारझन द अनटेम्ड'मध्ये जर्मन सैनिक तिला मारतात असे होते. पुस्तक करताना बरोजने ते फिरवले : जळालेले प्रेत दुसरीचे ठरले. १९३९ च्या चित्रपटातही पटकथेप्रमाणे ती भाल्याने मरणार होती, शेवट बदलला. ओ'सलिव्हनने १९४२ च्या चित्रपटानंतर भूमिका सोडली. १९४३ च्या दोन्ही चित्रपटांत जेन दिसत नाही आणि १९४५ मध्ये ब्रेंडा जॉइसच्या रूपात परतते.

प्रश्न : 'मी टारझन, तू जेन' हे वाक्य कुठले?

१९३२ च्या चित्रपटात ते नाही. तिथे तो छातीवर आणि तिच्याकडे बोट करत फक्त नावे म्हणतो.

प्रश्न : मला या बदलांवर लेख लिहायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आधी हातातली कादंबरी तपासा. मूळ पुस्तकात २८ प्रकरणे आहेत. कमी असतील तर आवृत्ती संक्षिप्त आहे. संक्षिप्त आवृत्तीत कर्जाचा धागा सगळ्यात आधी कापला जातो आणि मग जेनचे लग्नाचे निर्णय निव्वळ लहरी वाटू लागतात. जेन तेराव्या प्रकरणात येते, तिथून नीट वाचा. शेवटची दोन प्रकरणे अमेरिकेत घडतात, ती गाळू नका.

त्यानंतर १९३२, १९३४, १९३६, १९३९ हे चार चित्रपट क्रमानेच पाहा. १९३४ चा पाहताना पोहण्याचे दृश्य आहे का ते बघा; नसेल तर कापलेली प्रत हाती लागली आहे. प्रत्येक वेळी एकच टिपण पुरे : संकटात जेन स्वतः काय करते, आणि शेवटचा निर्णय कोण घेतो. तिला किती वेळा वाचवले हे मोजत बसू नका. २०१६ च्या चित्रपटातही तिला पळवून नेतात, त्यामुळे त्या मोजणीत १९१२ आणि २०१६ ची जेन सारखीच भरेल.

डब केलेल्या प्रतीवरून आवाजाबद्दल काही लिहू नका. १९८४ च्या चित्रपटात तर मूळ इंग्रजीतही जेन झालेल्या अँडी मॅकडॉवेलच्या तोंडी ग्लेन क्लोज या दुसऱ्या अभिनेत्रीचा आवाज आहे.