पाठीवरचे स्नायू, पण काम हाताचे

पाठीचे वरवरचे स्नायू कोणते आणि पाठीवर असूनही त्यांना हाताचे स्नायू का म्हणतात, असे आपण विचारले आहे. मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांची पाठ तपासताना मला हाच भेद आधी पाहावा लागतो.

या थरात ट्रॅपेझियस, लॅटिसिमस डॉर्साय, लेव्हेटर स्कॅप्युली आणि ऱ्हॉम्बॉइड मेजर व मायनर असे पाच स्नायू येतात. त्यांचे एक टोक कण्याला असते हे खरे, पण दुसरे टोक फऱ्याला (खांद्याच्या मागच्या पसरट हाडाला), हासळीला किंवा दंडाच्या हाडाला चिकटलेले असते. त्यामुळे ते आखडले की हलतो तो खांदा किंवा हात. कणा ताठ ठेवणारे आणि वाकल्यावर शरीर सावरणारे स्नायू याखाली खोलवर असतात. नसांवरूनही हे स्पष्ट होते: खोल स्नायूंना मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांच्या मागच्या शाखा मिळतात, तर वरवरच्या स्नायूंना पुढच्या शाखा. ट्रॅपेझियस मात्र वेगळा आहे, कारण त्याला हालचालीची आज्ञा 11व्या कपालीय नसेकडून (कवटीतून बाहेर पडणाऱ्या नसांपैकी एकीकडून) मिळते. मानेच्या बाजूची गाठ काढताना या नसेला इजा झाली, तर खांदा खाली झुकतो आणि हात बाजूने वर नेणे अवघड होते.

लॅटिसिमस हा पाठीवरचा सर्वांत रुंद स्नायू. छातीच्या 7व्या मणक्यापासून कमरेपर्यंत, कमरेच्या हाडाच्या कडेवरून आणि खालच्या फासळ्यांवरून तो निघतो व काखेखालून वळून दंडाच्या हाडाच्या पुढच्या बाजूस जातो. उगारलेला कोयता खाली आणताना किंवा विहिरीतून पोहरा ओढताना वर गेलेला हात खाली, मागे आणि अंगाकडे खेचण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मोळी डोक्यावर चढवताना गरज उलटी असते. हात पूर्ण 180 अंश वर जातो, तेव्हा त्यातले सुमारे 60 अंश फरा फिरल्यामुळे मिळतात, आणि तो फिरवण्यासाठी ट्रॅपेझियसचा वरचा व खालचा भाग, बरगड्यांवरच्या सेरेटस अँटेरिअरच्या साथीने, एकाच वेळी ओढ घेतात.

ऱ्हॉम्बॉइड फरा कण्याकडे खेचतात. लेव्हेटर स्कॅप्युली मानेच्या वरच्या 4 मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि फरा उचलतो. नेमका तोच कोपरा दुखत असेल, तर मी कमरेकडे न पाहता आधी मान आणि हात कसे वापरले जातात हे विचारतो.

आपण शिकत असाल, तर जोडीदाराच्या काखेची मागची घडी दोन बोटांत धरून त्याला खोकायला सांगा. त्या क्षणी बोटांत ताठ होतो तो लॅटिसिमस.