डॉक्टर नाही, तरी एपिडेमिऑलॉजी शिकता येईल का?

प्रश्न: ताई, मी कागलची. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, सध्या राजारामपुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. एपिडेमिऑलॉजीत मास्टर्स करायचं मनात आहे, पण पप्पा म्हणतात डॉक्टर नाहीस तर साथीच्या रोगाचं शिकून तुला कोण विचारणार. शिवाय माझं गणित बारावीनंतर सुटलंय. करू का? कुठं करू?

उत्तर: कर की गं, आणि पप्पांच्या शंकेपासनंच सुरू करूया. साथ आली की पेशंटला तपासायला डॉक्टर लागतोच, पण ही साथ आली कुठनं, कुणाला होतेय, शेजारच्याला का होत नाहीये, हे शोधायला वेगळं शिक्षण लागतं, तीच एपिडेमिऑलॉजी, आणि ते शिक्षण घेतलेलं माणूस डॉक्टरच असलं पाहिजे असं अजिबात नाही. २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ पप्पांना आठवत असेल. ती हिपॅटायटिस ई ची, म्हणजे सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातनं पसरणारी आणि गरोदर बाईच्या तर थेट जिवावर उठणारी. अशा वेळी दवाखान्यात बसून काही उमगत नाही, गल्लीगल्लीत फिरून आजारी माणसांची घरं नकाशावर मांडायला लागतात, कोण कुठल्या तारखेला आजारी पडलं, कुणाच्या घरी कुठल्या टाकीचं पाणी येतं, पाण्याची लाइन गटारीतनं कुठं जाते, हे सगळं एकापुढं एक ठेवलं की मग चित्र दिसायला लागतं.

आणि तू या कामापासनं लांब नाहीसच. सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासनं चालू आहे, त्यात गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी फॉर्म आणि लॅबचा एल फॉर्म असतो, आता ते ऑनलाइन भरतात. तुमच्या लॅबमधनं डेंग्यू, टायफॉइडचे रिपोर्ट कुणाकडं जातात ते एकदा विचारून बघ. जिल्ह्याला बसून ते आकडे रोज बघणारा माणूस म्हणजेच एपिडेमिऑलॉजिस्ट.

आता गणित. समजा लग्नात १२० माणसं जेवली. ८० जणांनी बासुंदी खाल्ली, त्यातल्या ४८ जणांना जुलाब झाले. ४० जणांनी खाल्ली नाही, त्यातल्या ४ जणांना झाले. म्हणजे खाणाऱ्यांत ६० टक्के, न खाणाऱ्यांत १० टक्के, सहापट फरक. बारावीच्या आधीचं गणित आहे हे. पण खरी गोम पुढं आहे, तू फक्त आजारी पडलेल्या ५२ जणांनाच विचारत बसलीस तर ते भातही खाल्ला म्हणणार, कारण भात सगळ्यांनीच खाल्लेला असतो, मग दोष भाताला द्यायचा का? जे ठणठणीत आहेत त्यांच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही, आणि बऱ्या माणसाला कुणी विचारायलाच जात नाही. राहिले ते बासुंदी न खाता आजारी पडलेले ४ जण, त्यांना पण सोडायचं नाही, कदाचित वाढप्यानं बासुंदीचाच डाव दुसऱ्या पदार्थात घातला असेल, कदाचित कुणी खाल्लेलं विसरलं असेल. मला या विषयातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. डिग्रीत पुढं रिग्रेशन, म्हणजे एकाच वेळी अनेक कारणांचा हिशोब मांडायची पद्धत, वगैरे येतं, पण ती गणितं कॉम्प्युटर करतो, आर आणि एपी इन्फो ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आत्तापासनं हात बसव.

कुठं करायचं? मुंबईत टिसला, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला, सोशल एपिडेमिऑलॉजीचं एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, आहे, चेन्नईला आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा इन्स्टिट्यूटचं अच्युत मेनन सेंटर आहे, पुण्यात विद्यापीठाचं एमपीएच आहे. कुठं मेडिकलची डिग्री मागतात, कुठं इतरांना घेतात, त्यामुळं यंदाचं माहितीपत्रक ओळ न ओळ वाच आणि मगच फॉर्मचे पैसे भर. आणि कॉलेजच्या नावाला भुलू नको, तिथल्या सीनियरला फोन करून एकच विचार, फील्डवर किती आठवडे पाठवतात आणि डिझर्टेशनचा डेटा स्वतः गोळा करायला मिळतो का. दोन वर्षं नुसते पीपीटी बघून बाहेर पडलेली पोरं मी बघितलीत, साधी प्रश्नावली घेऊन कुणाच्या दारात उभं राहायची त्यांना भीती वाटते, असल्या कोर्सला पैसे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याआधी चेन्नईच्याच संस्थेचा हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स हा कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर बघ, शिकायला पैसे पडत नाहीत, रस आहे का नाही ते तिथंच कळेल.

नोकरीचं पप्पांना खरं तेच सांग. जिल्ह्यातल्या बऱ्याच जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी असतात. त्याशिवाय रिसर्चमध्ये काम मिळतं, पुण्याजवळ वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं रिसर्च सेंटर कितीतरी वर्षं गावागावातली जन्म-मृत्यूची, आजारांची नोंद ठेवतंय, तसल्या ठिकाणी लॅब कळणारं माणूस हवंच असतं.

प्रश्न: मी गडहिंग्लजला बीएचएमएस डॉक्टर, वय ३४. प्रॅक्टिस सोडता येत नाही. घरबसल्या एमपीएच केलं तर चालेल का?

उत्तर: डॉक्टर, तो कोर्स यूजीसीच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते आधी बघा, आणि सरकारी जागेवर डोळा असेल तर मागच्या जाहिरातीतली पात्रता काढून वाचा, कारण रेग्युलरच पाहिजे असं लिहिलेलं असलं तर फी पाण्यात जाईल. नुसतं शिकायची ओढ असेल तर तुमच्या हातात ओपीडीचं रजिस्टर आहे, पण त्यात जे तुमच्यापर्यंत आले तेवढेच दिसतात. भारतात २००० ते २०१९ मध्ये सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली हा अंदाज निघाला तो घरोघरी जाऊन मृत्यूची चौकशी केली म्हणून, दवाखान्याच्या कागदावर त्यातली कितीतरी माणसं नव्हतीच. तुमच्याकडं उसाच्या फडात साप चावलेला माणूस आधी कुठं नेतात आणि किती वेळानं दवाखान्यात येतो, एवढा एकच प्रश्न घेऊन आसपासच्या चार गावांतल्या आशाताईंशी बोला, मग कोर्सचं ठरवा.