रॅम भरपूर, तरी गेम बंद का पडतो?

प्रश्न : २०१० साली आलेला ‘फॉलआउट : न्यू वेगास’ हा गेम माझ्या १६ जीबी रॅमच्या संगणकावर वारंवार बंद पडतो. रॅम वाढवावी का?

उत्तर : रॅमवर कृपया खर्च करू नका. हा गेम ३२ बिटचा असल्यामुळे संगणकात कितीही रॅम असली, तरी त्याला मुळात २ जीबीपर्यंतचीच मेमरी वापरता येते, आणि विशेषतः जड टेक्श्चरचे (गेममधील पृष्ठभागांवरच्या चित्रांचे) मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या जादा फाइली, घातलेले असल्यास ती मर्यादा गाठली जाऊन तो बंद पडतो. चाहत्यांनी तयार केलेला ‘४ जीबी पॅच’ (गेमच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणारे छोटे साधन) वापरल्यास ६४ बिट विंडोजवर ही मर्यादा दुप्पट होते. त्याआधी सेव्ह फाइलींची प्रत मात्र आठवणीने काढून ठेवा. इतक्या तासांचा खेळ हातचा जाऊ नये.