'सांगत्ये ऐका' आमच्या ओट्यावर वाचलं तेव्हा

तुमचा प्रश्न असा आहे: मराठी सिनेमातल्या नटी हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्राला एवढं धाडसी का म्हणतात, आणि पन्नास वर्षांनंतर त्यात वाचण्यासारखं काही उरलंय का?

उरलंय. पुष्कळ उरलंय. मी हे पुस्तक पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, चार-पाच बायकांना ऐकवत. त्यामुळे त्याबद्दल माझं मत जे झालं ते त्या बायकांमुळेच झालं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्ली अर्धी तेलुगू, अर्धी मराठी. आई विड्या वळायची. दुपारी घरचं उरकलं की ओट्यावर सगळ्या जणी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. भिजवलेलं पान मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोरा. मजुरी हजार विड्यांवर. त्यातही देताना तपासणीत 'छाट' म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. हात गुंतलेले, पण कान मोकळे. मी अकरावीत होते, हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तकं आणून त्यांना वाचून दाखवायचे.

या पुस्तकाचं नाव ऐकूनच शेजारच्या अक्का सरसावून बसल्या. याच नावाचा, हंसाबाईंचा सिनेमा १९५९चा, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो सव्वाशे आठवड्यांहून जास्त चालला. अक्कांनी तो लहानपणी पाहिला होता आणि 'बुगडी माझी सांडली गं' त्यांना पाठ होतं. (ते गाणं पडद्यावर जयश्री गडकरांचं, पण अक्का ते हंसाबाईंच्याच नावावर टाकायच्या. मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.)

हे पुस्तक कानाला इतकं जवळचं वाटतं याला कारण आहे. हंसाबाईंनी ते लिहिलं नाही, सांगितलं. पत्रकार अरुण साधूंनी ऐकून शब्दांत उतरवलं, 'माणूस' साप्ताहिकात ते क्रमशः आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढलं. वाक्यं छोटी आहेत, बोलता बोलता थांबणारी. साहित्यिक सजावट नाही. समोर बसून एखादी बाई बोलतेय असंच वाटतं, आणि आमच्या ओट्यावर तर ती खरंच बसली होती.

आता धाडसाबद्दल. बहुतेक लोक धाडस म्हणताना दारू आणि पुरुष यांच्याकडे बोट दाखवतात. ते त्यात आहे. स्वतःचं पिणं त्या लपवत नाहीत, घर सोडून जाणं लपवत नाहीत. मराठवाड्यातल्या एका खेड्यात एका माणसाबरोबर काही वर्षं काढली, आधीच्या बायका असलेल्या घरात चुलीपुढे आणि शेणात हात घालून राबल्या, तेही सांगतात. नामवंत नटीने १९७० साली हे छापू द्यावं ही मोठीच गोष्ट होती.

पण आमच्या ओट्यावर पहिल्या दिवशी कुणी दारूबद्दल विचारलं नाही. अक्कांनी विचारलं, "हिचा पगार कोण उचलत होतं गं?"

मला वाटतं हाच त्या पुस्तकाला विचारायचा खरा प्रश्न आहे. रतन साळगावकर नावाची मुलगी, म्हणजेच हंसाबाई, घरात पैसा हवा म्हणून सिनेमात जाते. 'विजयाची लग्ने' १९३६चा, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची. पुढे बॉम्बे टॉकीज, प्रभात, राजकमल या चित्रसंस्था. लग्न झाल्यावर तिला काम सोडायचं असतं, चारचौघींसारखा संसार करायचा असतो. नवऱ्याला मात्र तिने कमावलेलं हवं असतं. काम करायला लावायचं तोच, कामावरून संशय घ्यायचा तोच. पडद्यावर १९४१ साली ती 'संत सखू' आहे, लोक हात जोडतायत, आणि घरी तिच्या शब्दाला किंमत नाही.

हे वाचलं तेव्हा आई काही बोलली नाही. तिच्या मजुरीचे पैसे आठवड्याला कुणाच्या हातात जायचे ते ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. तिने फक्त म्हटलं, "पुढचं वाच."

हंसाबाईंचा प्रामाणिकपणा मला आणखी एका ठिकाणी फार मोठा वाटतो: त्या स्वतःला सोडत नाहीत. माझ्यावर अन्याय झाला म्हणून माझं सगळं बरोबर, असा सूर कुठेच नाही. हट्ट माझा होता, संताप माझा होता, मुलीला मी दुरावले, हे त्या सरळ सांगतात. रडवण्याचा प्रयत्न करत नाहीत. म्हणूनच काही पानं मला मोठ्याने वाचता आली नाहीत. गावाहून परत येताना कायद्याच्या माणसाकडून त्यांच्यावर जे झालं तो भाग आला तेव्हा मी गप्प झाले. अक्कांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन पालथं ठेवलं. त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं.

दुर्गा खोटे यांचं आत्मचरित्रही चांगलं आहे, पण त्या शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या. तोल जाऊ न देता बोलतात. हंसाबाईंकडे तो आधारच नव्हता.

'भूमिका' पाहिलाय, मग पुस्तक कशाला, असंही कुणी म्हणेल. श्याम बेनेगल यांचा १९७७चा तो चित्रपट याच पुस्तकावरून सुचलेला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुंदर चित्रपट आहे, पण त्यातली नायिका उषा ही दिग्दर्शकाची उषा आहे. प्रसंग बदललेत, नावं बदललीत. हंसाबाईंचा स्वतःचा आवाज पुस्तकातच आहे.

पुस्तक आल्यावर वर्षभरातच, १९७१ साली त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

पुस्तक लहान आहे, दोन दुपारी पुरतात. शक्य असेल तर आईला, मावशीला वाचून दाखवा. आणि ते संपल्यावर १९४७चा 'लोकशाहीर रामजोशी' बघा, आधी नको. रामजोशी आमच्या सोलापूरचे, त्यामुळे इथे त्या सिनेमाचं कौतुक सगळे जयराम शिलेदारांच्या आणि 'सुंदरा मनामधि भरली'च्या निमित्ताने करतात. तुम्ही हंसाबाईंच्या बयेकडे बघा. ती फडात हसत उभी राहते तेव्हा त्या हसणाऱ्या बाईला घरी जाऊन काय ऐकावं लागत होतं ते तुम्हाला तोवर माहीत झालेलं असेल.