सीमेवरची माणसं आणि मंडळ्यांची एकी : वाचकांचे प्रश्न

सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) ‘सीमाप्रदेश सिद्धान्त’ सारखा कानावर येतो. मंडळ्यांच्या, म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती चर्चच्या, एकीशी त्याचा काय संबंध?

टेक्सासच्या ग्लोरिया आन्सालदुआ यांनी १९८७ मध्ये तो मांडला. १८४८ च्या तहाने अमेरिका-मेक्सिको सीमा सरकली आणि माणसं जागची न हलता परकी झाली. अशा दुहेरी जगण्यातून दोन्हीकडचं एकदम पाहणारी नजर येते, हे त्यांचं म्हणणं. सॅन अँटोनियोचे फादर व्हर्जिलियो एलिझोंडो यांनी त्याआधीच येशूच्या गालीलकडे याच नजरेने पाहिलं होतं : यरुशलेमच्या लेखी कडेचा, मिसळलेल्या वस्तीचा प्रांत. मंडळ्या एक होताना कडेच्या माणसाची हीच नजर कामी येते.

आमच्या समितीत महिला, तरुण, दलित सगळ्यांना जागा दिल्या. झाला ना समावेश?

जागा दिल्यात, आता कार्यक्रमपत्रिका कोण ठरवतं ते बघा. जागतिक चर्च परिषदेत, म्हणजे जगभरच्या मंडळ्यांच्या एकत्र व्यासपीठावर, १९६१ च्या नवी दिल्ली महासभेत रशियन ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या जुन्या परंपरेचं) चर्च आलं. खुर्ची मिळाली, पण मतमोजणीत ऑर्थोडॉक्स मंडळ्या कायम कमीच. १९९७ मध्ये जॉर्जियाचं चर्च बाहेर पडलं, पुढच्या वर्षी बल्गेरियाचं. (त्यामागे त्यांच्या घरचं राजकारणही होतं.) मग निम्मे ऑर्थोडॉक्स, निम्मे इतर असा आयोग बसला आणि २००६ च्या पोर्तू अलेग्रे महासभेत बहुमताऐवजी सहमतीची पद्धत आली. पटलं तर नारिंगी कार्ड, नाही पटलं तर निळं. आणि निळं दाखवणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकायचं. समावेश म्हणतात तो हा. मात्र सहमतीच्या नावाखाली नाजूक विषय लांबणीवर टाकता येतात, हा धोका मला मोठा वाटतो.

दलित ख्रिस्ती माणूस यात कुठे बसतो?

अगदी सीमेवर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे सरकारदरबारी तो अनुसूचित जातीत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये जागा मिळाली, त्याला नाही. गाव मात्र त्याची जात विसरत नाही, काही मंडळ्याही नाहीत. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या १९७० मध्ये नागपुरात एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. पंथांच्या भिंती पडल्या, जातीच्या भिंतीचं काय, हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला सांगता येईल? त्याला ‘लाभार्थी’ म्हणून बोलावू नका, मसुदा लिहायला बसवा.

मी सीएनआयचा, पत्नी कॅथलिक. प्रभुभोजन एकत्र घेता येईल?

सर्वसाधारणपणे नाही. कॅथलिक चर्च जागतिक परिषदेचं सभासद नाही. परिषदेच्या ‘विश्वास आणि व्यवस्था’ आयोगात (मंडळ्यांमधल्या श्रद्धेच्या मतभेदांचा अभ्यास करणाऱ्या) मात्र १९६८ पासून कॅथलिक धर्मपंडित आहेत. पाळक आणि फादर दोघांना एकाच संध्याकाळी घरी जेवायला बोलवा, आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा.