आधी गोणपाट उलगडा, नमस्कार नंतर

प्रश्न : सोयाबीनचं घरचं बियाणं कसं तपासायचं, यावर ५० सेकंदांचा व्हिडिओ केला. ‘नमस्कार शेतकरी बांधवांनो, आपल्या चॅनलवर मनःपूर्वक स्वागत’ अशी सुरुवात आहे, उगवलेल्या दाण्यांची मोजणी शेवटी. लोक चौथ्या सेकंदालाच निघून जातात. (एक वाचक, ता. उदगीर)

उत्तर : ते चार सेकंद तुमच्या स्वागतातच जातात. बघणारा तुमच्या दारी आलेला नाही, तुम्हीच त्याच्या बोटाखाली आलात. मोजणी उचलून पुढे आणा. पहिल्याच फ्रेममध्ये ओलं गोणपाट अर्धं उलगडलेलं, हात चालू, आणि आवाज : ‘शंभर दाण्यांतले बासष्टच उगवले. हे पेरायचं का?’ सात शब्द, तीन सेकंदांत बसतात. आकडा मात्र तुमच्या खऱ्या मोजणीचाच हवा.

उत्तर फार लांबवू नका. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं धरतात. बासष्टला साधारण ३४ लागेल. पंधराव्या सेकंदाच्या आत हे सांगून टाका. दहा-दहा दाण्यांच्या ओळी, गोणपाटाची गुंडाळी, सावलीतले सहा-सात दिवस हे सगळं त्यानंतर; ज्याला पेरायचंय तो थांबतोच.

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून तोच प्रश्न पडद्यावर लिहा. अक्षरं नाचत-सरकत आणू नका, पहिल्या फ्रेमपासून असू द्या. खालच्या भागावर ॲपचा मजकूर येतो, उजवीकडे बटणं. म्हणून वरच्या तिसऱ्या भागात, पण अगदी कडेला नको. गोणपाटावर पांढरी अक्षरं हरवतात, मागे काळी पट्टी द्या. दोन ओळी चिकटवल्या तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, तेव्हा अंतर वाढवा. रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावरचा अर्धा सेकंद आणि पहिल्या शब्दाआधीचा श्वास कापा. शिवारात वारं असेल तर हे एक वाक्य घरात वेगळं रेकॉर्ड करा. पहिलाच शब्द फडफडला तर पुढचं कोण ऐकतो!

प्रश्न : ‘सावधान! मोसंबीत ही चूक कराल तर बाग जाईल’ म्हटलं की लोक थांबतात, पण मध्येच सोडतात. (एक वाचक, जि. जालना)

उत्तर : चूक कोणती ते लपवलंय, म्हणून. कॅमेरा डिंक ओघळणाऱ्या खोडावर धरा आणि म्हणा, ‘पाणी खोडाला लागतंय? डिंक्या रोगाला तेच हवंय.’ लगेच खोडाला पाणी लागू न देणारं दुहेरी आळं दाखवा. ‘सावधान’ हा शब्द काढूनच टाका, तो आता रोजचा झालाय.