‘मॅडम, तिकडे मला जमेल ना?’

शाळेचं शेवटचं वर्ष निम्मं सरलं की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा कॉलेजबद्दलचा प्रश्न ठरलेला असतो, फक्त शब्द बदलतात. कुणी म्हणतं, ‘तिकडे सगळेच हुशार असणार.’ कुणी म्हणतं, ‘माझ्या ओळखीचं तिथे कुणीच नाही.’ कुणाचं नुसतंच पोट दुखत असतं आणि सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यावर डॉक्टरांनी इकडे पाठवलेलं असतं. आईवडील विचारतात, ‘घराबाहेर याचं कसं होणार?’ तेही मुळात तेच विचारत असतात.

या मुलांना सल्ल्यांचा तुटवडा नसतो. बॅगेत काय भरायचं, कुठलं ॲप घ्यायचं, वह्या कशा लावायच्या, याच्या याद्या त्यांना तोंडपाठ असतात. पण यादी वाचून कुणाची उडालेली झोप परत आली, असं माझ्या पाहण्यात नाही.

निनादचंच उदाहरण घ्या. (नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.) वर्गात कायम पहिल्या दोघा-तिघांत. आईबरोबर आला आणि आल्याआल्या एक जाड वही टेबलावर ठेवली. कॉलेजच्या पहिल्या सत्राचा अख्खा अभ्यासक्रम त्याने आत्ताच व्हिडिओ बघून उतरवून काढला होता. मथळे हिरव्या शाईत, सूत्रं चौकटीत, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख. वही इतकी नेटकी होती की बघूनच मला काळजी वाटली. रात्री दोन-अडीचपर्यंत जागून हे चाललं होतं आणि त्यानंतर अंथरुणावर पडलं तरी झोप येत नव्हती.

“इतकी तयारी झाली आहे, मग भीती कशाची?” मी विचारलं.

“तरी नाही कळलं तर?”

“बरं, धरून चालू. पहिला महिना आहे, एका तासाला शिकवलेलं काहीच कळलं नाही. काय करशील?”

“व्हिडिओ बघेन.”

“तरी नाही कळलं.”

“दुसरा बघेन.”

“तोही डोक्यावरून गेला.”

“मग… रात्री जागून करेन. पुन्हा पहिल्यापासून.”

मी पुढे विचारत राहिले, तोही उत्तरं देत राहिला. पुस्तक, व्हिडिओ, जागरण, पुन्हा पुस्तक. थोड्या वेळाने मी त्याला म्हटलं, “निनाद, तुझ्या एवढ्या उत्तरांत एकही माणूस नाही.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “कुणाला विचारलं तर कळेल ना त्यांना.”

“काय कळेल?”

“की मला येत नाही.”

“आणि ते कळलं तर?”

“तर मी हुशार नाहीच मुळी.”

‘हा एक भाग मला कळला नाही’ इथून ‘मी हुशारच नाही’ इथपर्यंतची उडी त्याने एका श्वासात मारली होती. मधे काही गाळलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. माझी सगळी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची आहे. १९५५ पासून त्यांनी मांडलेल्या उपचारपद्धतीचा गाभा एवढाच, की प्रसंग आपल्याला जेवढा त्रास देतो त्याहून जास्त त्रास त्या प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ देतो. त्यातही ‘मला सगळं आलंच पाहिजे’ यातला ‘च’ फार महागात पडतो. हुशार मुलांकडे तो ‘च’ लहानपणापासून सांभाळून ठेवलेला असतो, कारण शाळेत त्याचं कौतुक होतं.

नुसतं समजावून हा ‘च’ जात नाही. ‘असा विचार करू नकोस’ हे त्याला घरीही रोज ऐकायला मिळत होतं. म्हणून मी त्याला एलिस यांचीच गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटायची. मग त्यांनी महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं ठरवलं. बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. त्यांनी स्वतःच दिलेला हिशोब असा : १३० जणींपैकी ३० लगेच उठून गेल्या, १०० जणी बोलल्या, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. निनाद खो खो हसला. “म्हणजे फेलच की!” “हो. पण भीती गेली.”

त्याला दिलेलं काम साधं होतं. वर्गात, सगळ्यांसमोर, खरोखर न कळलेली एक गोष्ट सरांना विचारायची. विचारण्याआधी ‘काय होईल असं वाटतं’ ते कागदावर लिहायचं. त्याने लिहिलं : ‘सगळे हसतील. नंतर वर्गात तोंड दाखवता येणार नाही.’

पुढच्या वेळी आला तो तणतणतच. “मॅडम, जे व्हायला नको होतं तेच झालं.” सर म्हणाले होते, “हे मागच्याच आठवड्यात झालं. लक्ष कुठे असतं?” वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एकाने त्याची नक्कलही केली.

“मग?”

“मग काय, कान गरम झाले.”

“किती वेळ?”

“पुढचा तास संपेपर्यंत.” तो थोडा थांबला. “नंतर आम्ही खेळायला गेलो. नक्कल करणारापण होता. त्याच्या लक्षातही नव्हतं.”

“दुसऱ्या दिवशी शाळेत गेलास?”

“गेलो की.”

मी काही बोलले नाही. त्याने स्वतःच खिशातून तो कागद काढला, ‘सगळे हसतील’वर बरोबरची खूण केली आणि ‘तोंड दाखवता येणार नाही’ ही ओळ खोडली. मग अगदी सहज म्हणाला, “पण माझं उत्तर राहिलंच आहे अजून. उद्या त्यांना स्टाफरूममध्ये जाऊन विचारतो.”

हे शेवटचं वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून अशी वाक्यं ओळखायला मी शिकले आहे. सर त्या दिवशी ‘वा, छान प्रश्न!’ म्हणाले असते तर आई खूश झाली असती, पण आमचं काम अडलं असतं. कौतुक झालं तरच विचारायचं, हा नवा ‘च’ तयार झाला असता. अपमान झाला, सोसला गेला आणि प्रश्न तसाच महत्त्वाचा राहिला, हे त्याला स्वतः कळणं गरजेचं होतं. स्टाफरूममध्ये त्याच सरांनी पंधरा मिनिटं बसवून समजावलं, हे आपलं जाताजाता सांगते.

कॉलेजची तयारी म्हणून मला विचाराल तर पहिली ही. शाळेत शिक्षक तुमच्याकडे येतात. तुम्ही दोन दिवस गप्प असलात तर कुणाच्या तरी लक्षात येतं. कॉलेजात मागच्या बाकावर बसून अख्खं सत्र न बोलता काढता येतं आणि ते परीक्षेपर्यंत कुणाला समजत नाही. तिथले प्राध्यापक बहुधा प्रश्नाला उत्तर देतात, पण प्रश्न तुम्हाला घेऊन जावा लागतो. आजच, ओळखीच्या वर्गात, ओळखीच्या शिक्षकांसमोर त्याचा सराव करा. इथे हसं झालेलं परवडतं.

‘तिकडे सगळ्यांना जमतंय, मलाच नाही’ ही दुसरी समजूत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटायचं, हळूहळू ते गेलं. मग त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत असलेली तफावत निम्म्याने घटली. परकेपणा तर सगळ्यांनाच वाटला होता. ‘हे माझ्यातलं वैगुण्य नाही, हा पहिल्या काही महिन्यांचा भाग आहे’ हा अर्थ तेवढा बदलला होता. एलिस हे वाचून म्हणाले असते, मी आणखी काय सांगत होतो!

मैत्रीचंही तेच. पहिल्या आठवड्यात जिवाभावाचं कुणी भेटलं नाही म्हणून हिरमुसू नका. मैत्रीचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या पाहणीत ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला सोबतीचे साधारण ५० तास लागतात, मित्र व्हायला ९० आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. हे तास खोलीचं दार लावून भरत नाहीत.

निनादच्या त्या वहीबद्दलही बोलायला हवं. मी त्याला ती मिटायला सांगून एका चौकटीतलं सूत्र विचारलं. येईना. स्वतःच्या हाताने, हिरव्या शाईने लिहिलेलं! रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की धडा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पुस्तक मिटून आठवून बघणारे त्यांना मागे टाकतात. वाचताना येतंय असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. कॉलेजात तर एका तासाच्या व्याख्यानामागे दोन तासांचा स्वतःचा अभ्यास अनेक ठिकाणी धरलेलाच असतो. ते दोन तास कोरा कागद पुढे घेऊन घालवा. आणि झोपा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यात काटकसर करून मिळवलेला अभ्यास सकाळपर्यंत टिकत नाही.

आता आईबाबा. निनादच्या आईशी मी वेगळं बोलले. सकाळी त्याला उठवणं, बॅग बघणं, फॉर्मच्या तारखा, डॉक्टरांना फोन, सगळं त्यांच्याकडे.

“मॅडम, मी नाही केलं तर राहून जातं हो.”

“राहू दे. आत्ता राहिलं तर काय बिघडेल आणि वर्षभराने राहिलं तर काय, याचा विचार करा.”

इमारत उभी राहताना परांची लागतेच, पण ती हळूहळू उतरवत न्यायची असते. मानसशास्त्रज्ञ ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शिकवण्याच्या संदर्भात हीच उपमा वापरली होती. आम्ही एकेक काम त्याच्याकडे दिलं : आधी गजर, मग स्वतःचे कपडे धुणं, मग महिन्याचे पैसे एकदम हातात, मग सगळे फॉर्म. एका फॉर्मची तारीख चुकली, विलंबशुल्क त्याच्याच पैशांतून गेलं. आईंनी त्या दिवशी मला तीनदा मेसेज केला. त्याने एकदाही नाही.

एक सूचना मात्र गांभीर्याने. नव्या ठिकाणी रडू येणं, घरची आठवण येणं हे आजारपण नाही. पण दोन आठवडे सतत मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ‘होईल ठीक’ म्हणत बसू नका. कॉलेजातल्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात समुपदेशन कक्ष कुठे आहे ते बघून ठेवावं, गरज नसताना.

निनादच्या आईंचा शेवटचा प्रश्न होता, “तिकडे गेल्यावर दिवसातून किती वेळा फोन करू?”

मी निनादकडे पाहिलं. तो म्हणाला, “बुधवारी आणि रविवारी. मी करेन.”

“आणि विसरलास तर?”

“तर आई, तू कर. पण ‘अभ्यास झाला का’ विचारू नकोस. या आठवड्यात कुणाला काय विचारलंस, ते विचार.”